फोन असताना होडीवर वेगळा जीपीएस कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडकडची २८ फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, काम गिलनेटचं (मासा अडकवणाऱ्या जाळ्याचं) आणि गळाचं. जुना जीपीएस सेट बंद पडलाय. मुलगा म्हणतो, माझ्या फोनात सगळं आहे, पैसे कशाला घालवता. दुकानदार म्हणतो, रेंज गेली की फोनचा जीपीएस मरतो, फिशफाइंडरसकट, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासा दाखवणाऱ्या यंत्रासकट, नवा कॉम्बो घ्या. त्यात तुमच्या कानावर आलंय की फोनमुळे जीपीएसवाल्या कंपन्यांचा धंदाच बसला. मग आज घेतलेल्या सेटला चार वर्षांनी कोण विचारणार?

रत्नागिरीत होड्यांवरचे सेट बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम. पूर्वी गाड्यांचेही करायचो, ते गिऱ्हाईक आता येतच नाही. मुलाचं म्हणणं गाडीपुरतं पूर्ण खरं, होडीपुरतं अर्धं. दुकानदाराचा सल्ला बरा आहे, पण त्याने दिलेलं कारण खोटं आहे. आधी तेवढं निस्तरतो, कारण याच एका गैरसमजावर किनाऱ्यावर बरेच सेट खपलेत.

फोनमधल्या जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे बोलत असतात आणि फोन नुसता ऐकतो, त्याला परत काही पाठवायचं नसतं. रेंजचा उपयोग होतो तो सुरुवातीला. प्रत्येक उपग्रह स्वतः आत्ता नेमका कुठे आहे हे दर ३० सेकंदांनी सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरतं ऐकायचं तर साडेबारा मिनिटं जातात. रेंज असली की फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो, म्हणून घरात बसल्या बसल्या तो चटकन जागा दाखवतो. भर समुद्रात, रात्रभर बंद असलेला फोन चालू केला तर ही माहिती त्याला स्वतः ऐकावी लागते. तेवढा धीर कुणाला नसतो. दोन मिनिटं वाट बघायची आणि म्हणायचं, बघा, रेंज नाही म्हणून चालत नाही. जेट्टीवर असतानाच ॲप उघडा, ठिपका स्थिर होऊ द्या, मग निघा. पुढे कितीही लांब गेलात तरी तो जागा दाखवत राहील. गायब होईल तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येतो आणि आधी उतरवून घेतलेला नसतो.

अचूकतेचंही तेच. आजचा साधा फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू ऐकतो, काही फोन आपल्या इस्रोचं नाविकही ऐकतात. समुद्रावर इमारती नाहीत, झाडं नाहीत, डोक्यावर सगळं आभाळ मोकळं. तिथे फोन आणि सेट दोघांचीही चूक काही मीटरांचीच असते, आणि गिलनेट टाकणाऱ्याला त्या फरकाचं काही देणंघेणं नाही. जुन्या तांडेलांना (होडी चालवणाऱ्या म्होरक्यांना) आठवत असेल, २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायची आणि शंभर मीटरपर्यंत चूक यायची. तेव्हा सेटवर भरवसा ठेवून खडप (पाण्याखालचा खडकाळ भाग) गाठणं कठीणच होतं, किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरणारा माणूस जास्त नेमका असायचा. ती मुद्दामची चूक काढून टाकली आणि मग सेट खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले.

म्हणजे जागा सांगण्याच्या कामात फोन कमी नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: नुसत्या जीपीएसला आता किंमतच उरलेली नाही. ती चिप फोनात आहे, हातातल्या घड्याळात आहे, एसटीत आहे. पैसे मोजायचे असतील तर ते जीपीएसच्या भोवती जे काही बसवलेलं असतं त्याचे मोजा. गाडीत भोवती घेण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून तो बाजार संपला. होडीत राहिलंय.

गाडीचं काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमची कंपन्यांबद्दलची भीती तिथूनच आलेली आहे. गार्मिन ही अमेरिकेतली कंपनी १९८९ साली सुरू झाली, गाडीच्या काचेला चिकटवायचा तिचा नूवी नावाचा सेट २००५ च्या सुमारास आला आणि तुफान खपला. २००८ साली कंपनीची एकूण विक्री साधारण ३४९ कोटी डॉलर होती आणि त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा गाडीच्या सेटचा होता. त्या काळात सगळ्यात महाग वस्तू होती नकाशा. टॉमटॉमने टेले ॲटलास ही नकाशे बनवणारी कंपनी घेण्यासाठी २९० कोटी युरो मोजले, नोकियाने नॅवटेकसाठी ८१० कोटी डॉलर. एवढा पैसा ओतून वर्ष-दीड वर्ष होतंय तोवर, २८ ऑक्टोबर २००९ ला, गूगलने वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारं ॲप फोनवर फुकट देऊन टाकलं. त्या एका दिवसात गार्मिनचा शेअर सुमारे १६ टक्के पडला, टॉमटॉमचा त्याहूनही जास्त. नोकियाने जानेवारी २०१० मध्ये आपलंही नेव्हिगेशन फुकट केलं. तेव्हाच गाडीच्या सेटचं आयुष्य मोजलं गेलं होतं.

आपल्याकडे ते थोडं उशिरा कळलं. इकडे मॅपमायइंडियाचे नकाशे घातलेले सेट असायचे, गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी ते काचेला लावून यायचे. त्यात चिपळूण, खेड, राजापूर नीट असायचं, पण आपली वाडी नसायची, आणि नकाशा ताजा करायचा तर संगणकाला जोडून बसायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि विषयच संपला. पण फुकट मिळालं म्हणून फोन जिंकला, एवढंच त्याचं कारण नाही. परशुराम घाटात दरड आली किंवा कशेडीत गाड्या अडकल्या हे काचेवरच्या सेटला कळायला वाटच नव्हती. फोनला कळतं, कारण त्याच रस्त्यावरच्या हजारो गाड्यांतले फोन आपला वेग गुपचूप कळवत असतात. रस्त्यावर ही गर्दीच नकाशा ताजा ठेवते, आणि असला नकाशा एकट्या यंत्राला कधीच करता येणार नाही.

तरी कोकणात फोनवरही डोळे मिटून जाऊ नका. आंबेनळी आणि वरंध घाटात रेंज मध्येच जाते, पावसाळ्यात घाट बंद केल्याची बातमी ॲपपर्यंत उशिरा पोचते. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ या फेरीबोटी ॲपच्या हिशेबात रस्ताच असतात. रात्री शेवटची फेरी निघून गेलेली असते आणि बाई गोड आवाजात सरळ जायला सांगत असते. नकाशाचा तो भाग घरच्या वायफायवर उतरवून घेणं आणि फेरीची वेळ माणसाला विचारणं, याला अजून पर्याय नाही.

आता समुद्र. रस्त्यावर फोनला ज्यांनी जिंकवलं ती गर्दी इथे नाही. टॉवरची रेंज साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंत धरा, उंचावरचा टॉवर समोर असेल तर थोडी जास्त. त्यापुढे फोन एकटाच. आणि गूगलच्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. तळाशी खडप आहे का, पाणी किती वाव खोल आहे, बुडालेली बोट कुठे पडलीय, यातलं त्यात काहीच नाही. ते असतं सागरी नकाशात. आपल्या समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. फोनवर सागरी नकाशा हवा तर नॅव्हिऑनिक्ससारखं वार्षिक वर्गणीचं ॲप घ्यावं लागतं. गंमत बघा, नॅव्हिऑनिक्स ही कंपनी २०१७ साली गार्मिननेच विकत घेतली. म्हणजे तुमचा मुलगा फोनवर सागरी नकाशाची वर्गणी भरेल तर पैसे जातील गार्मिनलाच.

वर्गणी भरायच्या आधी हेही लक्षात घ्या की आपल्या खाड्यांच्या मुखाशी कोणताच विकतचा नकाशा पूर्ण खरा नसतो. दर पावसाळ्यात वाळू सरकते. जूनमध्ये होडी शाकारून ठेवताना जिथून आत आलात, तिथूनच ऑगस्टमध्ये बाहेर पडता येईल याची खात्री नाही. हंगामाच्या सुरुवातीला भरतीच्या पाण्यात, दिवसाउजेडी, अनुभवी माणसाच्या मागून एकदा बाहेर जाऊन या आणि तो ट्रॅक साठवा. रात्री परतताना त्या रेषेवरूनच आत या. हे काम फोनही करतो, सेटही करतो, आणि विकतच्या नकाशापेक्षा तो ट्रॅक जास्त मोलाचा असतो.

पण पाण्याची खोली फोनला कळत नाही आणि कळणारही नाही. त्यासाठी पाण्यात बुडलेला ट्रान्सड्यूसर लागतो. तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, लागलेल्या वेळेवरून खोली काढली जाते. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो, म्हणजे ३० मीटर खोलीवरून उत्तर यायला सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. जपानच्या फुरुनोने १९४८ साली मासेमारीसाठी असं यंत्र विकायला काढलं, तेव्हा माणसाने पहिला उपग्रहही सोडलेला नव्हता. आजही तुमच्यासारख्या होडीला खरी कमाई त्यातूनच आहे. सुरमईला किंवा मोठ्या तांबोशीला गळ टाकणाऱ्याला नुसती जागा पुरत नाही. खडप कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो, मासा तळाशी आहे की मध्यावर, हे बघावं लागतं. एकाच पडद्यावर डावीकडे नकाशा आणि उजवीकडे तळ दिसत असला की होडी खडपाच्या काठावर नेमकी उभी करता येते.

म्हणून कॉम्बो घ्यायचा तो फिशफाइंडरसाठी. जीपीएस त्यात आपोआप येतो असं धरून चाला. दुकानदाराने हे सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो नसतो.

घेताना पडद्याच्या इंचांवर जाऊ नका, आधी ट्रान्सड्यूसर बघा. आपल्या किनाऱ्याजवळच्या कमी पाण्यात २०० किलोहर्ट्‌झ चांगलं काम देतं, तळ बारकाईने दिसतो. खोल पाण्यात मोठ्या बोटी ५० वापरतात, तो आवाज लांब जातो पण पसरट असतो. दोन्ही असलेला घेतलात तर बरंच, नाहीतर २८ फुटीला २०० वर भागतं. तो ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, लावताना आउटबोर्डच्या पंख्यापासून बाजूला घ्या, नाहीतर फेसातून बघितल्यासारखं चित्र येतं आणि मग सेट खराब आहे म्हणून माझ्याकडे आणतात. काही जण फायबरच्या आतून, तळाला चिकटवून लावतात. फायबर भरीव असेल तर जमतं, मध्ये फोम असेल तर नाही.

फोन होडीवर का कमी पडतो त्याची बाकीची कारणं अगदी साधी आहेत. ओल्या हाताने पडदा ऐकत नाही. जाळं ओढताना खवले आणि चिकटा लागलेल्या बोटाने झूम करून बघा. दुपारच्या उन्हात फोन तापला की स्वतःच उजेड कमी करतो, कधी चार्जिंगच थांबवतो, आणि नेमकं तेव्हाच पडदा दिसायला हवा असतो. होडीच्या सेटचा पडदा त्याच उन्हासाठी बनवलेला असतो आणि त्याला बटणं असतात. फोनवर पाणीरोधक म्हणून आयपी ६८ लिहिलेलं असतं, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी चार्जिंगच्या खोबणीत गेलं की आत ओल आहे म्हणून फोन चार्जिंग घेत नाही, आणि तसाच दामटून चार्ज केला तर पिना हिरव्या पडतात. माझ्याकडे येणाऱ्या सेटमध्येही बिघाड बहुतेक वेळा वायरीचा आणि कनेक्टरचाच असतो, आतलं सर्किट क्वचित जातं. तुमचाही जुना सेट मेला असं धरण्याआधी फ्यूज, कनेक्टरच्या पिना आणि बॅटरीपासून आलेली वायर बघा. इंजिनला सेल्फ स्टार्टर असेल तर तो मारताना व्होल्टेज खाली येतं आणि सेट बंद होऊन परत चालू होतो, यालाही पुष्कळ जण बिघाड समजतात.

आणि फोन मुलाचा असतो. ज्या दिवशी तो लग्नाला जातो त्या दिवशी होडीवरचे सगळे पॉइंट लग्नाला जातात.

पॉइंटांवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण फोन आणि सेट एकत्र वापरायला लागल्यावर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तांडेलाची खरी कमाई म्हणजे त्याचे पॉइंट, सेटमध्ये साठवलेल्या जागा. कुठे खडप, कुठे जाळं अडकतं, कुठल्या महिन्यात कुठे हलवा मासा लागतो. लोक होडी विकताना सेट काढून ठेवतात ते उगाच नाही. आता हे आकडे सेटमधून फोनमध्ये घालताना आकडा लिहिण्याची पद्धत बघावी लागते. होडीवरचे सेट बहुतेक अंश आणि दशांश मिनिटं दाखवतात, समजा १६ अंश २२.५० मिनिटं. गूगल नकाशा तीच जागा १६.३७५ अंश अशी दाखवेल. तिसरी पद्धत अंश, मिनिटं, सेकंद. आता २२.५० ला कुणी २२ मिनिटं ५० सेकंद समजून घातलं, तर पॉइंट सुमारे ६०० मीटर उत्तरेला सरकला. ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. सहाशे मीटरवर खडप कसलं सापडतंय. मग म्हणायचं फोनचा जीपीएस खोटा आहे. फोनमधलं सागरी ॲप आणि सेट, दोन्हींच्या सेटिंगमध्ये एकच पद्धत निवडा, मग पॉइंट घाला.

जुने पॉइंट उतरवताना सेटच्या सेटिंगमध्ये डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या मापाने मोजायचे ते) नावाची ओळ असते, तिथे डब्ल्यूजीएस ८४ आहे ना बघा. जुन्या कागदी नकाशांशी जुळवून घेण्यासाठी कुणी तिथे भारतीय डेटम निवडलेलं असेल, तर आकडे शेकडो मीटरांनी वेगळे येतात. फोन नेहमी डब्ल्यूजीएस ८४ च धरतो.

जुन्या सेटच्या तारखेवरही विश्वास ठेवू नका. जीपीएसमध्ये आठवडे मोजायचा आकडा १,०२४ पर्यंत जाऊन परत शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि नंतर ६ एप्रिल २०१९ ला. त्यानंतर बऱ्याच जुन्या सेटवर तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसू लागली. जागा बरोबर, तारीख चूक. नुसतं दिसायला वाईट, असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच सेटवर भरती-ओहोटीचं पान असेल तर ते चुकीच्या दिवसाचं निघतं, आणि खाडीत शिरताना ते महागात पडतं.

पावसाळ्यातल्या बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, सेट कपाटात पडून राहतो. काही जुन्या मॉडेलात पॉइंट आतल्या छोट्या बॅटरीच्या जोरावर राहतात. ती बॅटरी संपली की ऑगस्टमध्ये सेट चालू होतो पण पॉइंट शून्य. नव्या सेटमध्ये मेमरी कार्ड असतं, पॉइंटांची जीपीएक्स फाइल काढता येते, तीच फाइल फोनमधल्या ॲपमध्ये उघडते. होडी वर काढताना ही फाइल घ्या. आणि महत्त्वाचे पॉइंट पेनने वहीत लिहा. वही मी अजूनही सगळ्यांना सांगतो, लोक हसतात, लिहीत मात्र असतात.

आता धंदा बसला या बातमीकडे. गाडीच्या सेटचा बसला, हे खरं. पण तीच गार्मिन २०२४ साली ६३० कोटी डॉलरवर पोचली, म्हणजे २००८ च्या जवळजवळ पावणेदोन पट. मनगटी घड्याळं, विमानातली यंत्रं, गिर्यारोहणाची उपकरणं आणि होड्या यांतून. त्यातल्या एकट्या सागरी विभागाची विक्री १०० कोटी डॉलरच्या वर गेली. लोरन्स आणि सिमरॅड ही होडीवाल्यांची नावं ज्या कंपनीकडे होती ती नॅव्हिको, २०२१ मध्ये ब्रन्सविकने शंभर कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली. मर्क्युरी आउटबोर्ड बनवतात तेच ब्रन्सविक. मरणाऱ्या धंद्यावर कुणी एवढे पैसे लावत नाही. सागरी सेटचे भाग आणि दुरुस्ती यांची चिंता करू नका, फक्त पक्कं बिल घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का विचारा. दुबईहून कुणी स्वस्तात आणून दिलेल्या सेटला इकडे वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि त्यात आपल्या किनाऱ्याचा नकाशाही नसतो बऱ्याचदा.

मधल्या मधे मेला तो हातात धरायचा छोटा सेट. पूर्वी लहान होडीवाला हमखास तोच घ्यायचा, आता त्याची जागा खरोखरच फोनने घेतली. नुसत्या जीपीएससाठी हातातला नवा सेट घ्या असं मी आज कुणालाच सांगत नाही. घरात जुना पडला असेल तर तो मात्र ठेवा. पेन्सिल सेलवर चालतो, आणि होडीची बॅटरी बसली तरी घराची दिशा दाखवतो.

बाजार जिकडे सरकलाय ती तिसरीच दिशा आहे: पडदा नसलेले डबे. आपली जागा आपल्याला दाखवण्यापेक्षा ती दुसऱ्याला कळवणं हे त्यांचं काम. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या नव्या गाड्यांना एआयएस १४० नावाच्या मानकाचं ट्रॅकिंग यंत्र लागतं, एसटीच्या गाड्यांवर तसलीच यंत्रं आहेत. समुद्रात २० मीटरहून मोठ्या नौकांना एआयएस आहे, नाव तेच पण यंत्र वेगळं, नौकेची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारं. तुम्ही त्यात बसत नाही. तुमच्या कामाचा आहे तो ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये या योजनेचा आरंभ झाला, सुमारे ३६० कोटी रुपयांची, किनारपट्टीच्या राज्यांतल्या एक लाख यांत्रिक आणि मोटार लावलेल्या नौकांसाठी. इस्रोच्या तंत्रावरचा हा डबा रेंज नसतानाही उपग्रहामार्फत निरोप पाठवतो आणि घेतो, आणि तो वाचायचा कुठे? फोनवर. ब्लूटूथने जोडलेल्या नभमित्र ॲपवर. त्याआधी २०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राने आणलेलं जेमिनी यंत्रही तसंच, वादळाचा इशारा आणि मासे मिळण्याच्या जागांची माहिती उपग्रहावरून घेऊन फोनला द्यायचं, फक्त त्यावरून उलट निरोप पाठवता येत नव्हता. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत इशारा पोचवायला साधनच नव्हतं, त्यानंतर हे झालं. आपल्याकडे २००९ चं फयान वादळ ज्यांनी बघितलंय त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

इथे फोन आणि यंत्र एकमेकांच्या उरावर बसलेले नाहीत. खारं पाणी, ऊन आणि उपग्रह यंत्राने सांभाळायचे, वाचणं-लिहिणं फोनने. पुढची सगळी वाटचाल अशीच दिसतेय मला. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन तुमच्या होडीचा नंबर ट्रान्सपॉन्डरच्या यादीत आहे का ते विचारा. कॉम्बो परवडला नाही तरी हे करा.

एक गोष्ट मात्र चुकूनही घेऊ नका. थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन, तसंच बाहेरून कुणी आणलेलं उपग्रह निरोपाचं छोटं यंत्र. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी पकडले गेलेत. समुद्रात तटरक्षक दलाने तपासणी केली आणि तो सापडला तर मासेमारी राहील बाजूला. बोलायला व्हीएचएफ रेडिओ ठेवा, चॅनेल १६. रेंजमध्ये असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

तुमच्यासाठी हिशेब असा. गळाचं काम खरोखर नेमाने करत असाल तर पाच इंची पडद्याचा, बटणांचा, ट्रान्सड्यूसरसकट कॉम्बो घ्या. असा साधा सेट आणि बऱ्यापैकी फोन यांच्या किमतीत फार अंतर नाही. मुलाचा फोन जोडीला ठेवा, सागरी नकाशा उतरवलेला, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. फक्त किनाऱ्याजवळ गिलनेट टाकून सकाळी परत येत असाल, सगळ्या जागा डोक्यात असतील, तर या हंगामापुरता मुलाचं ऐका. त्याऐवजी होडीवर बारा व्होल्टवरून चालणारं पक्कं झाकणाचं चार्जिंग बसवा आणि घरातला एखादा जुना फोन, सिम नसलेला, कायमचा होडीसाठी ठेवा. सिम नसलं तरी जीपीएस चालतो, फक्त सुरुवातीला जागा पकडायला जरा वेळ घेतो.

बंद पडलेला सेट भंगारात देऊ नका. आधी त्यातले पॉइंट काढायचा प्रयत्न करू, पडदा गेला असेल तरी मेमरी शाबूत असते पुष्कळदा. सेटच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, होडीवरची बॅटरी किती अँपिअर-तासाची आहे, आणि तळाचं फायबर भरीव आहे की मध्ये फोम आहे, एवढं कळवा, मग नेमकं काय घ्यायचं ते सांगतो.